घर वाढवितांना पायाचा विचार

धानाची मळणी आटोपून पोतीं घरांत येऊन पडलीं, म्हणजे आमच्या गोंदिया जिल्ह्यांत घराच्या कामांचीं बोलणीं सुरू होतात. कोणाच्या मुलाचें लग्न ठरलेलें असतें, कोणाला धान ठेवण्यास कोठी हवी असते, कोणाला जुन्या मातीच्या घराला लागून घरकुलाच्या खोल्या उठवावयाच्या असतात. मोकळ्या जागेवर सर्वस्वी नवें घर बांधणारे थोडे. जुन्या घराला जोडून वाढविणारेच फार. विटा किती लागतील, लोखंड किती, रेती कोठून आणावी, याची चौकशी घरोघर चालते. पाया मात्र कोणी विचारांत घेत नाहीं. तो मिस्त्रीनें ठरवावयाचा, आणि मिस्त्रीनें तो 'जुन्या घराचा जेवढा तेवढा' असा ठरवावयाचा, अशी जणूं रूढिच पडून गेली आहे. या लेखांत आम्ही तेवढ्या एका गोष्टीविषयींच लिहिणार आहों. कारण वाढविलेल्या घराचें दुखणें बहुधा तेथूनच निघतें.

अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका सभासदाच्या घरची हकीकत प्रथम सांगतों. घर पन्नास वर्षांचें, एक हात रुंदीच्या मातीच्या भिंतींचें, वर कवेलू. पूर्वेच्या अंगास ओसरीला लागून धाकट्या मुलाकरितां दोन खोल्या काढावयाचें ठरलें. त्या बाजूस थोडा परस, आणि परसाच्या पलीकडे सात-आठ हातांवर धानाची बांधी. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, जुन्या भिंतीले दांते काढून नवी भिंत बसवून देतो, सांधा दिसनारच नाई." मालकांनाही तेंच हवें होतें, लग्नाची तिथि जवळ आलेली होती. फाल्गुनांत खोदाई झाली, वैशाखांत स्लॅब पडला, ज्येष्ठांत लग्न झालें. पहिला पावसाळा सुखरूप गेला. नव्या-जुन्या भिंतींच्या सांध्यावर केसाएवढी एक रेघ मात्र उमटली. पुढल्या वैशाखांत ती रेघ उघडली. खालीं बारीक आणि वर बोट जाईल एवढी ती रुंद झाली. मालकांनीं तींत सिमेंटचा मसाला घट्ट ठांसून भरला, वरून चुना दिला, आणि काम झालें असें मानलें. त्याच वर्षीं भाद्रपदांत ओसरीकडील मातीची भिंत बाहेर फुगूं लागली, आणि एका रात्रीं तिचा कोपरा कवेलूंसह खालीं आला. त्या कोपऱ्यांत म्हाताऱ्या आईची खाट असे. भिंतीची माती रात्रीं झरतांना ऐकूं येते म्हणून त्यांनीं चार दिवसांपूर्वींच खाट आंत घ्यावयास लावली होती. त्यामुळें कोणास इजा झाली नाहीं.

पाऊस उघडल्यावर आम्हीं तेथें जाऊन सांध्यापाशीं एक खड्डा खणविला. जुन्या भिंतीचा पाया अवघा हातभर खोल, पण रुंद दगडांचा निघाला. नव्या भिंतीचा पाया दोन हात खोल, चर दीड फूट रुंद, तळाशीं रेतीचा थर. आणि त्या रेतींत पाणी साचलेलें होतें. खालीं अजून काळी कन्हारच होती, व मुरूम तिच्याहि खालीं, सुमारें साडेपांच फुटांवर लागला. हा चर जुन्या भिंतीला अगदीं लागून, एका दमांत, सबंध लांबीभर खणला होता व तो बारा दिवस फाल्गुनाच्या उन्हांत उघडा पडला होता, असें चौकशींत कळलें. या एका खड्ड्यांत चुकांची सारी यादी सांपडली असें म्हटलें तरी चालेल. आतां त्या चुका एकेक करून पाहूं.

आपल्या जमिनींचीं नांवें आपणांस तोंडपाठ आहेत. काळी व जड ती कन्हार, तिच्याहून हलकी ती मोरंड, पिवळसर रेताड ती सिहार, माळावरची खडकाळ ती बरडी. हीं नांवें आपण धानाच्या दृष्टीनें ठेवलीं; परंतु घराच्या दृष्टीनेंहि त्यांचा तितकाच उपयोग आहे, मात्र क्रम बरोबर उलटा लागतो. बरडींत धान पिकत नाहीं, पण तिच्यावर घर बिनघोर उभें राहतें. कन्हार पाणी धरून ठेवते म्हणून आपणांस ती प्रिय. आणि पाणी धरून ठेवण्याच्या त्याच गुणानें ती घराची वैरीण होते. या मातींतील अतिसूक्ष्म कण पापुद्र्यांच्या थरांसारखे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्यें शिरलें कीं माती फुगते, निघून गेलें कीं आक्रसते. वैशाखांत कन्हारीच्या बांधींत ज्या भेगांत पाय अडकतो, तशाच भेगा घराच्या कडेच्या मातींतहि पडतात. फक्त त्या आपल्या नजरेस येत नाहींत. आपल्याकडे बाराशें-चौदाशें मिलिमीटर पाऊस पडतो व त्यांतील बहुतेक चार महिन्यांत पडतो. तेव्हां ही माती दरवर्षीं एकदां फुगावयाची आणि एकदां आक्रसावयाची, आणि तिच्यावर उथळ पायाचें जें कांहीं असेल तें तिच्याबरोबर वर-खालीं व्हावयाचें.

घराखालची माती फुगणारी आहे कीं नाहीं हें ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. पायाच्या खोलीवरची माती सुकवून, कुटून, बारीक गाळून घ्यावी. शाळेच्या प्रयोगशाळेंतील दोन उंच मोजपात्रें मिळवावीं. प्रत्येकांत दहा-दहा ग्रॅम माती घालून एकांत पाणी व दुसऱ्यांत रॉकेल भरावें, ढवळून बुडबुडे काढावे, आणि चोवीस तास हात लावूं नये. रॉकेलानें माती फुगत नाहीं, पाण्यानें फुगते. रॉकेलांतील मातीची उंची १० आली व पाण्यांतील १६ आली, तर माती शेंकडा ६० फुगली. हा आंकडा ५० च्या खालीं राहिला तर फारशी चिंता नको. ५० च्या वर गेला तर जपून पुढें जावें. १०० च्या वर गेला तर इंजिनिअरास विचारल्यावांचून कुदळ मारूं नये. हीच परीक्षा सरकारी प्रयोगशाळांतूनहि करतात. तेथें पात्रें चांगलीं असतात एवढाच भेद.

आतां त्या ठांसून भरलेल्या भेगेकडे वळूं. वैशाखांत कडेची माती आक्रसली, नवी खोली बाहेरच्या अंगास किंचित् कलली, आणि सांधा वरच्या बाजूस उघडला. पावसाळ्यांत माती फुगून खोली परत आपल्या जागीं येऊं पाहत होती. भेग मोकळी राहिली असती, तर ती आपोआप मिटली असती. परंतु तिच्यांत सिमेंट भरलेलें असल्यामुळें परत येण्यास जागाच उरली नाहीं, आणि नव्या खोलीनें आपला सारा रेटा जुन्या मातीच्या भिंतीवर टाकला. मातीची भिंत वरचें ओझें पेलते, आडवा रेटा पेलत नाहीं. कोपरा पडला तो पायाच्या दोषापेक्षांहि या भरणीनेंच पडला, असें आमचें स्पष्ट मत आहे. भेग दिसली कीं ती बुजविण्याची घाई करण्यांत लोकलज्जेचा भाग मोठा असतो. पाहुण्यांनीं भेग पाहूं नये एवढ्यासाठीं भिंत गमावण्यापर्यंत पाळी येते.

दांत्यांच्या जोडणीविषयीं याहून अधिक बोललें पाहिजे, कारण आमच्याकडील मिस्त्रींचा तिच्यावर फार विश्वास आहे. कोणतेंहि घर उभें राहिलें म्हणजे त्याच्या भारानें खालची माती थोडी दबतेच. माती रेताड असेल तर हें दबणें बांधकाम चालू असतांनाच जवळजवळ पुरें होतें. चिकण मातींत मात्र कणांमधलें पाणी हळूहळू पिळून निघावें लागतें, आणि त्यास वर्षांमागून वर्षें लागतात. जुन्या घरानें आपलें दबणें पन्नास वर्षांत पुरें करून घेतलें आहे. नव्या खोलीचें तें आज सुरू व्हावयाचें आहे. अशा दोघांस विटांच्या दांत्यांनीं जखडून ठेवणें म्हणजे एक जागचा न हलणारा व दुसरा खालीं जाणारा, अशा दोघांचे हात बांधून ठेवण्यासारखें आहे. नवी खोली पाव इंच जरी बसली, तरी दांते तुटतात किंवा जुन्या भिंतीस ओढून नेतात. दांते मोडले तर तें आपलें भाग्यच समजावें.

भाराचा हिशेबहि एकदां स्वतः करून पाहावा. ९ इंच जाडीची व १० फूट उंचीची विटांची भिंत लांबीच्या दर मीटरला सुमारें १,३०० किलो भरते. १० फुटी खोलीच्या स्लॅबचा निम्मा भार, त्यावरचा लादीचा व माणसांचा धरून, सुमारें ९०० किलो येतो. म्हणजे भिंतीखालीं २,२०० किलो झाले. आतां मातीची हातभर रुंद, ९ फूट उंच भिंत व तिच्यावरचे कवेलू घेतले, तर तेहि दर मीटरला २,२०० ते २,३०० किलोच भरतात. वजन जवळजवळ सारखें. परंतु मातीची भिंत तें वजन अठरा इंच रुंदीवर पसरते, आणि विटांची भिंत नऊ इंचांवर उतरविते. 'पक्कें घर हलकें असतें' ही समजूत त्यामुळें घातक आहे. चराचा तळ ओला असतांना अंगठा दाबून पाहावा. जोर लावल्यावरच ठसा उठत असेल, तर ती माती दर चौरस मीटरला १५ टनांपर्यंत भार घेण्याजोगी समजतात. मध्यम दाबानें ठसा उठला तर १० टन. अंगठा सहज आंत शिरला तर ५ टनच. पावसाळ्यांत कन्हार या शेवटच्या वर्गांत जाऊन बसते. पायाचें स्वतःचें वजन धरून दर मीटरला २,८०० किलो होत असतील, तर ५ टनांच्या हिशेबानें पायाची रुंदी ५६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट, तरी हवी. अडीच फूट केली तर अधिक बरें. त्या सभासदाच्या घरीं चर दीड फुटाचा होता हें वर सांगितलेंच आहे. फुगण्याच्या रेट्याचा हिशेब यांत धरलेला नाहीं, तो निराळाच.

जुन्या भिंतीला लागून खोदणें हें सर्वांत जोखमीचें काम, आणि तेंच आपल्याकडे सर्वांत निष्काळजीपणें होतें. पायाखालची माती आपल्या जागीं राहते ती बाजूच्या मातीनें अडविलेली असते म्हणून. ती बाजू आपण चर खणून काढून घेतली, कीं जुन्या पायाखालची माती चरांत सरकूं पाहते. भारतीय मानक संस्थेनें यासाठीं एक साधा नियम घालून दिला आहे: चिकण मातींत वरच्या पायाच्या खालच्या कडेपासून खालच्या पायाच्या वरच्या कडेपर्यंत रेषा ओढली, तर तिचा उतार दोन हात आडवें आणि एक हात खोल यापेक्षां तीव्र नसावा. ढोबळ मानानें, नवा पाया जुन्याहून जितका खोल, त्याच्या दुपटीइतका तो जुन्यापासून दूर असावा. जुना पाया हातभर आणि नवा तीन हात, तर मध्यें चार हात अंतर पडलें पाहिजे. एवढें अंतर ठेवून खोल्या बांधणें कोणास परवडेल, असें वाचक म्हणतील. त्यास दोन मार्ग आहेत. नव्या खोलीचे खांब दूर आंत घेऊन, जोत्याच्या पातळीवरची तुळई पुढें काढून तिच्यावर जुन्या घराकडची भिंत उभारावी. याचा आराखडा इंजिनिअरानेंच केला पाहिजे. किंवा मध्यें चार हातांची बोळ सोडून तिच्यावर नुसतें हलकें छप्पर टाकावें. आमच्या जुन्या वाड्यांत ओसरी व कोठी यांच्यामध्यें अशी मोकळी जागा ठेवण्याची चाल होतीच. ती कांहीं अडाणीपणाची नव्हती.

कांहीं कारणानें जवळच खोदणें प्राप्त झालें, तर निदान सबंध चर एकदम उघडूं नये. भिंतीच्या लांबीचे मीटर-सव्वा मीटरचे भाग पाडावे. एकाआड एक भाग खणून, त्यांत लगेच काँक्रीट किंवा बांधकाम करून, तें आठवडाभर पक्कें होऊं द्यावें, आणि मग मधले भाग घ्यावे. काम चालू असतां जुन्या भिंतीस व छपराच्या पाटईस लाकडी टेकू द्यावे. खणलेली माती जुन्या भिंतीच्या पायथ्याशीं रचूं नये. चर खणून झाल्यावर दोन दिवसांपेक्षां अधिक उघडा ठेवूं नये. उन्हानें तळ फाटतो आणि अवकाळी पावसानें त्याचा चिखल होतो. लग्नाच्या तिथीप्रमाणें घर बांधूं नये असें आम्ही म्हटलें तर कोणी ऐकणार नाहीं. तरी खोदाईचा दिवस आणि काँक्रीटचा दिवस एकाच आठवड्यांत यावा, एवढें तरी जमविण्यासारखें आहे.

तळाशीं रेती घालण्याची जी पद्धति आमच्याकडे पडली आहे, तिच्याविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे. वैनगंगा, बाघ, चुलबंद या नद्या आपल्या भागांतून जातात. रेतीची सवय हातास लागलेली आहे, आणि रेतीनें पाया 'मऊ बसतो' असा समज आहे. मोरंड किंवा सिहार जमिनींत रेती घातल्यानें अपाय होत नाहीं. परंतु कन्हारीच्या चरांत रेती म्हणजे न गळणाऱ्या भांड्यांत ठेवलेला स्पंज. पागोळ्यांचें पाणी तिच्यांत उतरतें, खालची कन्हार तें जाऊं देत नाहीं, आणि पायाखालीं वर्षभर डबकें राहतें. या बाबतींत मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक कट्टी यांचें संशोधन आपल्या फार उपयोगाचें आहे. काळ्या मातीवरून जाणारे कालवे फुटतात कां, याचा शोध घेतांना त्यांना असें आढळलें कीं, स्वतः न फुगणाऱ्या पण किंचित् चिकट अशा मातीचा सुमारें एक मीटर जाडीचा थर काळ्या मातीवर दाबून बसविला, तर खालच्या मातीचें फुगणें जवळजवळ थांबतें. आपला चांगला लाल मुरूम बहुधा याच जातीचा असतो. तो सहा-सहा इंचांच्या थरांनीं, पाणी शिंपून, धुम्मसानें कुटून भरावा. टाच मारली असतां ठसा उठूं नये. वरील घरीं रेतीऐवजीं याच मुरमाच्या चार ट्रॉल्या पडल्या असत्या तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

कन्हार पांच-सहा फुटांच्या आंत संपत असेल, तर सरळ मुरमापर्यंत जावें; यासारखा दुसरा उपाय नाहीं. ती त्याहून खोल असेल, तेथें चर खणण्यांत पैसा घालविण्यापेक्षां पायलीचा विचार करावा. रुरकी येथें १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें काळ्या मातीसाठींच एक रीति प्रचारांत आणली. जमिनींत गिरमिटानें गोल भोंक पाडावयाचें, त्याच्या तळाशीं हत्यारानें घंटेसारखा फुगवटा कोरावयाचा, आणि लोखंड घालून काँक्रीट भरावयाचें. वरची माती कितीहि हालली तरी खालचा फुगवटा जागा सोडत नाहीं. अशी पायली खोल काळ्या मातींत किमान साडेतीन मीटर लांब असावी लागते. तिच्या माथ्यावरील तुळईच्या खालीं फुगणाऱ्या मातीस जागा मिळावी म्हणून थोडी पोकळी सोडतात. ती पोकळी भरून टाकणारे मिस्त्री आम्हीं पाहिले आहेत.

सांध्याविषयीं आमचें सांगणें थोडक्यांत आहे. जुन्या भिंतीवर नव्या स्लॅबचें टोक टेकवूं नये, दांते काढूं नयेत, लोखंडाच्या सळाखा जुन्या भिंतींत ठोकूं नयेत. नव्या खोलीला तिची स्वतःची चौथी भिंत द्यावी. दोन्ही भिंतींमध्यें जोत्यापासून छपरापर्यंत इंचभर फट सोडावी आणि तींत डांबर पाजलेला मऊ तक्ता किंवा तत्सम दबणारी वस्तु बसवावी, मसाला नव्हे. फटीवर आंतून लाकडाची व बाहेरून पत्र्याची पट्टी लावावी, पण ती एकाच बाजूस ठोकावी. छपराच्या सांध्यावर पत्रा असा वांकवून बसवावा कीं, पाणी आंत उतरूं नये आणि दोन्ही छपरें स्वतंत्रपणें हालूं शकावीं. चौथ्या भिंतीच्या विटांचा खर्च लोकांना जड वाटतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत ग्रामीण घरकुलाचें किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलें आहे. एवढ्या लहान घरांत एक भिंत जुन्या घराची वापरून चार पैसे वांचविण्याचा मोह आम्ही समजूं शकतों. पण ती भिंत मातीची असेल तर हा मोह आवरावा.

आतां पाण्याविषयीं. पन्नास वर्षें जुन्या छपराच्या पागोळ्या ज्या रेषेवर पडत होत्या, ती रेष घराभोंवतालची सर्वांत ओली व मऊ जागा असते. आपण खोली वाढवितों ती नेमकी त्याच रेषेवर. नव्या खोलीचा एक पाया जुन्या कोरड्या जोत्याशेजारीं, मधली जमीन पागोळ्यांनीं भिजून मऊ झालेली, आणि बाहेरचा पाया उघड्या जमिनींत, अशी तिची स्थिति होते. खोदतांना ही मऊ माती जेवढी लागेल तेवढी काढून टाकावी. नव्या छपराच्या पागोळ्या पन्हळीनें दूर न्याव्या, आणि जोत्याभोंवतीं तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा करावा.

आमच्या जिल्ह्यांत यापुढें आणखी एक कारण आहे, तें इतरत्र फारसें नाहीं. घराच्या एका अंगास बांधी असली, तर आषाढापासून कार्तिकापर्यंत तेथें पाणी उभें असतें. कालव्याखालीं किंवा विहिरीवर उन्हाळी धान घेतलें, तर तेंच पाणी वैशाखापर्यंत राहतें. मग घराचें एक अंग बारमहा भिजलेलें आणि दुसरें अंग उन्हानें तडकलेलें, असें होतें. सर्व बाजूंनीं सारखें भिजणाऱ्या घरापेक्षां असें घर लवकर तडकतें. वाढीव खोली बांधीकडे नेण्यापेक्षां रस्त्याकडे किंवा उंचवट्याकडे न्यावी. तें शक्य नसेल, तर मध्यें पायाच्या तळापेक्षां खोल असा चर काढून त्याचें पाणी बोडीकडे किंवा नाल्याकडे वळवावें. मात्र तोहि चर भिंतीजवळ नको. शौचालयाचा शोषखड्डा, नळाचा ओघळ, गुरांच्या पाण्याचें टाकें, हीं सर्व भिंतीपासून लांब असावीं. २०१९ नंतर जलजीवन मिशनचे नळ पुष्कळ गांवांत आले, ही मोठी सोय झाली. पण भिंतीच्या पायथ्याशीं ठिबकणारा एक नळ वर्षांत जें करतो, तें मोठ्या पावसालाहि साधत नाहीं.

पुरानें भिजलेल्या घराला लागलीच जोडकाम करूं नये, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला जो मोठा पूर आला, त्यानें गोंदिया, भंडारा आणि खालच्या जिल्ह्यांत नदीकांठच्या घरांची फार हानि केली. पाणी ओसरलें म्हणजे संकट टळलें असें होत नाहीं; मातीच्या भिंतीचा पायथा भिजून दुबळा झालेला असतो आणि वाळतांना ती भिंत बसते. अशा घराला एक सबंध उन्हाळा जाऊं द्यावा, आणि मगच त्याच्या शेजारीं कुदळ लावावी.

झाडांचाहि संबंध आहे. भिंतीजवळचें मोठें झाड उन्हाळ्यांत चिकण मातींतील ओल शोषून घेतें आणि त्या बाजूची जमीन खालीं बसते. १९७६ सालीं इंग्लंडांत मोठी अनावृष्टि झाली, तेव्हां दक्षिणेकडील चिकण मातीवरच्या असंख्य घरांना तडे गेले. पाया खचण्याच्या नुकसानीचा विमा तेथें १९७१ पासून मिळूं लागला होता, त्यामुळें कंपन्यांकडे भरपाईच्या अर्जांची रांग लागली, आणि घराजवळच्या झाडांचा प्रश्न तेव्हांपासून तेथें ऐरणीवर आला. उलट, जुनें झाड खोली बांधण्यासाठीं तोडलें, तर सुकलेली माती पुढें दोन-तीन वर्षें ओल घेऊन फुगत राहते. म्हणून झाड तोडून लगेच त्याच जागीं पाया घेणें हेंहि धोक्याचें. घरापासून झाडाच्या उंचीइतकें अंतर असावें हा जुना आडाखा बरा आहे. बांबूचें बेट तर परसाच्या टोकालाच शोभतें.

ज्यांच्या घरीं भेग आधींच पडली आहे, त्यांनीं ती बुजवूं नये, मोजावी. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांस प्लास्टर ऑफ पॅरिसनें चिकटवावी व शेजारीं तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग हालते आहे. दर अमावास्येस भेगेची रुंदी तीन ठिकाणीं मोजून वहींत टिपावी. ती वैशाखांत वाढत व भाद्रपदांत घटत असेल, तर मातीचें फुगणें-आक्रसणें हें कारण. ती बारा महिने एकाच दिशेनें वाढत असेल, तर पाया दबतो आहे. वर रुंद व खालीं बारीक भेग टोक खालीं गेल्याचें लक्षण. दारें-खिडक्या अडूं लागणें हीहि सूचनाच. भेगेंत रुपयाचें नाणें आडवें शिरूं लागलें, किंवा भिंत ओलांब्यातून बाहेर गेली, तर त्या भागांत झोपणें बंद करावें आणि पंचायत समितीच्या किंवा बाहेरच्या एखाद्या इंजिनिअरास बोलवावें. त्याची फी चार पोत्यांच्या धानाहून बहुधा अधिक होत नाहीं.

त्या सभासदाच्या घरीं पुढें असें झालें. मार्गशीर्षांत सांधा करवतीनें आरपार मोकळा केला, दांते कापून काढले, आणि पडलेला कोपरा पुन्हा मातीचाच, पण दगडी पायावर उभा केला. नव्या खोलीचा पाया बदलणें शक्य नव्हतें. म्हणून पागोळ्यांना पन्हळ लावली, जोत्याभोंवतीं पट्टा केला, आणि बांधीचा धुरा दहा हात मागें नेला, त्यांत थोडी धानाची जागा गेली. एवढ्यानें खोली हालण्याची थांबली नाहीं, पण तिचें हालणें निम्म्याहून कमी झालें. सांध्यावर आतां पत्र्याची पट्टी आहे. ती उचलून पाहिलें, तर वैशाखांत फटींत करंगळी जाते, आणि भाद्रपदांत जात नाहीं. आईंची खाट पुन्हा ओसरींत आली आहे. मात्र ती त्यांनीं दुसऱ्या कोपऱ्यांत घालावयास सांगितली.